माशाला जेवढी जागा

लाखापूरमध्ये घराचा आकार घरातल्या गोल्डफिशच्या टाकीवरून ठरतो. टाकीत माशाला जेवढी मोकळीक, तेवढीच घरात माणसांना. ज्यांच्याकडे गोल्डफिश नाही त्यांची घरं बांधली तशीच राहतात, म्हणून गावातले बहुतेक लोक गोल्डफिश पाळत नाहीत. कुत्री पाळतात, पोपट पाळतात.

प्रल्हाद लांजेवारही पाळत नव्हते. ते पाटबंधारे खात्यात नोकरीला होते. पुढे अंगण, मग बैठकीची खोली, एक निजायची खोली आणि मागे स्वयंपाकघर नि न्हाणीघर, एवढ्या घरात ते आणि प्रमिलाबाई सुखाने राहत होते. चैत्रात त्यांची एकुलती एक मुलगी हर्षदा पहिल्या बाळंतपणासाठी नागपूरहून माहेरी आली. तिचा नवरा रोशन हटवार तिला सोडून गेला आणि पुढच्याच रविवारी पुन्हा आला. येताना त्याच्या हातात काचेचं गोल भांडं होतं आणि भांड्यात बोटाएवढा नारिंगी मासा होता.

"जवाईबापू, जरा थांबा," प्रल्हादराव दारातूनच म्हणाले.

पण रोशनचा एक पाय उंबरठ्याच्या आत आला होता. दुसराही आला.

"हिला दिवसभर बसून कंटाळा येते म्हणे, मामाजी," तो म्हणाला. "म्हटलं, समोर काहीतरी हालतं-डुलतं असलं तर बरं."

प्रमिलाबाईंच्या हातात चहाचा ट्रे होता. त्यांनी तो तसाच धरून ठेवला. जावयाने हौसेने आणलेली वस्तू दारातून परत पाठवता येत नाही, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. प्रल्हादरावांनी भांडं हातात घेतलं आणि म्हणाले, "छान आहे."

आत गेल्यावर हर्षदा नवऱ्याला म्हणाली, "मी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

"मला वाटलं, गावातले लोक म्हणतात तसं काहीतरी असेल. नागपुरात तर असं काही होत नाही."

"हे नागपूर नाही."

मासा एकदा उंबरठा ओलांडून आत आला की घर त्याच्या मागे लागतं. पुढे तो कुठेही नेला, कोणालाही दिला, तरी घर त्याच्याकडेच पाहून आपला आकार ठरवतं. आणि मासा मेला, तर त्या वेळी घर जेवढं असेल तेवढं कायमचं राहतं. बाजारगल्लीत झोडापे मास्तरांचं घर असंच कपाटाएवढं राहून गेलं आहे. त्यात आता गोवऱ्या ठेवतात.

सुरुवातीला घराला माशाची सवय व्हायला काही दिवस लागतात, पुढे मात्र ते क्षणात बदलतं. दिवेलागणीपर्यंत लांजेवारांचं घर वीतभर आत सरकलं. बाहेरून काही कळत नव्हतं, कारण बदल फक्त आतून होतो. दाराचा प्रश्न तेवढा निघतो, कारण दार बाहेरूनही असतं आणि आतूनही. रोशन दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरच्या गाडीला निघाला तेव्हा त्याला बॅग आडवी करून बाहेर काढावी लागली. त्याने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे म्हणाले, "सांभाळून जा."

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. पंखा इतका खाली आला की प्रल्हादरावांना वाकून चालावं लागायचं. प्रमिलाबाई पोळ्या लाटताना कोपर भिंतीला घासायच्या. न्हाणीघरात हर्षदाला वळता येईना. आत गेली की उलट्या पावलांनी बाहेर यायची, आणि पोटाला चौकट लागू नये म्हणून प्रमिलाबाई आपला हात मध्ये धरायच्या. डॉक्टरीणबाईंनी तिला रोज चालायला सांगितलं होतं. बाहेर ऊन असं होतं की अंगणात चप्पल चिकटायची, आणि घरात चालावं तर पाऊल उचलताच समोर भिंत.

शेजारी सुलभा कोसे राहायच्या. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्यांनी म्हटलंही, "पोरीला माझ्याकडे झोपू द्या ना, भाऊ. माझी एक खोली रिकामीच आहे."

"बाळंतपणाला आलेली मुलगी शेजारी ठेवायची?" प्रल्हादराव म्हणाले. ते बोलले हळूच, पण विषय तिथेच संपला.

दुपारी ते माशांच्या दुकानात गेले. दुकानदार राजू निंबार्ते याने मासा केवढा आहे असं विचारलं नाही.

"घर केवढं पाहिजे, काका?"

"होतं तेवढं."

"मग तीन फुटी टाकी लागते. पण तुमचं दार आता केवढं आहे?"

प्रल्हादरावांनी हाताने दाखवलं. राजूने मान हलवली. "दोन फुटीच जाईल. तीही तिरपी करून. बाहेर भरून आत न्यावी म्हणाल, तर भरलेली तीन फुटी चौघांनाही उचलत नाही. घर थोडं उघडेल, मग पुढचं पुढे पाहू. बाहेर मात्र ठेवू नका. या उन्हात मासा उकडेल, आणि मग काय होते ते तुम्हाला माहीत आहे."

टाकी आणली. पाणी भरून दिवसभर तसंच ठेवलं, कारण नळाचं ताजं पाणी माशाला सोसत नाही. मग मासा हलवायची वेळ आली. गोल भांड्यातून टाकीत नेताना तो क्षणभर मगात राहणार होता, आणि तेवढा क्षण घर मगाएवढं होणार होतं. तेव्हा आधी दोघा शेजाऱ्यांनी टाकी आणि माशाचं भांडं उचलून अंगणात आणलं, हर्षदाला सुलभाताईंच्या ओसरीवर बसवलं, घरात कोणी नाही ना हे प्रमिलाबाईंनी हाक मारून पाहिलं, आणि प्रल्हादरावांनी हातातला मग माशाच्या भांड्यात बुडवला.

आतून कडाडण्याचा आवाज आला. मग भांडी एकमेकांत दाबली जाताना होतो तसा. मासा टाकीत पडला तेव्हा आवाज थांबला. दार उघडून पाहिलं तर घर बरंच मोकळं झालं होतं, पण लोखंडी कपाटाचा पाय मोडला होता आणि भिंतीवरचं घड्याळ भाकरीसारखं चपटं होऊन पडलं होतं. प्रमिलाबाईंनी ते उचललं, हातात फिरवून पाहिलं, आणि हर्षदाच्या नजरेस पडू नये म्हणून पदराखाली घेतलं.

काही आठवडे बरे गेले. हर्षदा निजायच्या खोलीतून बैठकीत आणि बैठकीतून स्वयंपाकघरात फेऱ्या घालायची. टाकी पुन्हा बैठकीत नेऊन ठेवली होती. दर फेरीला ती थांबून चिमूटभर खाणं टाकायची. तिला स्वतःला सारखी भूक लागायची, तेव्हा माशालाही लागत असेल असं तिला वाटे. मासा वाढू लागला. टाकी तेवढीच राहिली. एका सकाळी न्हाणीघरातून हर्षदाची हाक आली. तिला वळता येत नव्हतं.

आता नगरपरिषदेत कळवणं भाग होतं. आतील मोजमाप विभागाचे वाडीभस्मे साहेब आले. त्यांनी चप्पल बाहेर काढली, वाकून आत आले, टेप भिंतीला लावला आणि मग टाकीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"खाणं कोण देते?"

"मी," हर्षदा म्हणाली.

"किती वेळा?"

"तो मागतो तेव्हा."

"गोल्डफिश नेहमीच मागते, बाई. त्याचं पोट भरलं असं त्याला कधी वाटतच नाही." त्यांनी टेप गुंडाळला. "लोक टाकी घेताना आजचा मासा पाहतात. उद्याचा पाहायला पाहिजे. हा अजून दुप्पट होईल."

"मग आम्ही काय करावं?" प्रल्हादरावांनी विचारलं. "मोठी टाकी रिकामी दारातून येत नाही, आणि भरलेली उचलत नाही."

"गच्चीवरच्या काळ्या टाकीत टाकला तर?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"एकाने टाकला होता. घर मोठं झालं, पण आत दिवसाही काळोख. वर्षभर कंदील घेऊन जेवत होते." साहेबांनी खिडकीतून बाहेर अंगणाकडे बोट दाखवलं. "हौद बांधा. खोल बांधा, वर छप्पर टाका, म्हणजे पाणी तापणार नाही. पण नवं सिमेंट माशाला बाधते. पाणी भरायचं, सोडायचं, पुन्हा भरायचं. मी येऊन पाहीन, मग मासा सोडायचा. घाई करायची नाही."

"बाळंतपण व्हायचं आहे, साहेब."

"सिमेंटला ते सांगता येत नाही," वाडीभस्मे म्हणाले. त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. जाताना त्यांनी हर्षदाच्या डोक्यावर हात ठेवला.

हौद बांधला. पाणी भरलं, सोडलं. दरम्यान घर रोज थोडं थोडं आत येत होतं. हर्षदाचा पलंग आता खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत बसला होता. दार उघडायला तिला पाय पोटाशी घ्यावे लागत. प्रल्हादराव ऑफिसातून आले की आधी अंगणात जाऊन हौदाचं पाणी बोटाला लावून चाखायचे. अजून चुन्यासारखं लागायचं.

अशात रोशन रजा घेऊन आला. तारखेला अजून दोन आठवडे होते, पण त्याला नागपुरात राहवेना. तो खोलीच्या दारात उकिडवा बसला, कारण आत बसायला जागा नव्हती. हर्षदा एकदाच म्हणाली, "मला पाय लांब करून झोपायचं आहे हो." रडली नाही. नुसतं म्हणाली आणि डोळे मिटले.

रोशन उठला. तो उतावळा होता, पण वाईट नव्हता. आपल्या हातून झालेलं आपणच निस्तरावं एवढंच त्याच्या मनात होतं. दुपारी प्रल्हादराव ऑफिसात होते, प्रमिलाबाई मागे स्वयंपाकघरात. बैठकीतल्या टाकीत मासा गोल फिरत होता. गावच्या तलावाला एवढं पाणी असताना एवढ्याशा टाकीसाठी माणसांनी का घुसमटावं, असं त्याला वाटलं. आणि मगाने मासा काढणं धोक्याचं आहे, हे तो ऐकून होता. त्याने टाकीच उचलली. वाढलेला मासा, टाकीभर पाणी, हातांच्या शिरा ताणल्या गेल्या. पण तो दारातून तिरपा होऊन निघाला, टाकी ऑटोत मांडीवर घेतली, आणि तलावाच्या घाटावर नेऊन पाण्यात अलगद कलती केली.

मासा क्षणभर टाकीच्या तोंडाशी थांबला. मग गेला.

प्रमिलाबाईंनी गॅसवर पितळी गंजात पाणी तापत ठेवलं होतं. त्याच वेळी हर्षदाची हाक आली.

"आई!"

ती हाक वेगळी होती. प्रमिलाबाईंनी गॅस बंद केला. "आले गं," म्हणत त्या वळल्या. स्वयंपाकघराचं दार रोज हाताच्या अंतरावर असायचं. आता ते बसस्टँडच्या दुसऱ्या टोकाला असावं तेवढं लांब दिसत होतं.

त्या चालू लागल्या. फरशी तीच होती, पांढरी, मध्ये करडा ठिपका असलेली. फक्त ती संपत नव्हती. दारापर्यंत पोचून त्यांनी बैठकीत पाहिलं. दोरीवर वाळत घातलेलं त्यांचं हिरवं पातळ कुठेतरी खूप दूर, दुसऱ्या गावात वाळत असल्यासारखं दिसत होतं. छत दिसत नव्हतं.

"आई, पाणी गेलं गं!" हर्षदाचा आवाज आला. आधी तो बारीक आला, मग थोड्या वेळाने पुन्हा आला.

"घाबरू नको! मी येऊन राहिली!" त्या ओरडल्या. "बोलत राहा! तू बोलत राहा, मी आवाजाकडे येते!"

प्रल्हादराव जेवायला घरी आले, तेव्हा सुलभाताई आपली दवाखान्याची पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी हर्षदाचा आवाज ऐकला होता. आत शिरायच्या आधी त्यांनी नुसतं पाहिलं होतं, आणि तिथेच थांबल्या होत्या. प्रल्हादरावांनी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. समोरची भिंत दिसत नव्हती.

तेवढ्यात रोशन रिकामी टाकी घेऊन ऑटोतून उतरला. चेहऱ्यावर समाधान होतं.

"झाली ना जागा, मामाजी?"

प्रल्हादरावांनी टाकीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. "कुठे सोडला?"

"तलावात."

आतून, फार लांबून, हर्षदाचं कण्हणं आलं. रोशनचा चेहरा पांढरा पडला. तो आत धावायला निघाला. प्रल्हादरावांनी त्याचा दंड धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी जावयाला एकेरी हाक मारली.

"तू माझ्यासोबत चल. धावून कोणी पोचत नाही तिथं."

"मी आत जाऊ का?" सुलभाताईंनी विचारलं.

"नका जाऊ. तुम्ही दारात उभं राहा, आणि काय दिसते ते मला फोनवर सांगत राहा. भिंत दिसली की धावा."

उन्हाळ्यामुळे तलाव अर्ध्यावर आला होता, म्हणून घर त्या मानाने कमी वाढलं होतं. घाटावर ढिवरांच्या मासेमारी सोसायटीचे गणपत दिघोरे जाळं शिवत बसले होते. प्रल्हादरावांनी त्यांना सगळं सांगितलं. वाडीभस्मे साहेबांनाही फोन केला होता, तेही स्कूटरवरून आले.

"मासा जिता पायजे," दिघोरे म्हणाले. "तलावात मरळ आहे. तिनं गिळला तं घर असंच राह्यते का हो, साहेब?"

"असंच. कायमचं."

"अन् आमी जाळ्यात धरला, तं? जाळं तं लहान असते."

वाडीभस्मे पाण्याकडे पाहत राहिले. त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता. "जाळ्यातून पाणी जाते-येते," ते शेवटी म्हणाले. "तेव्हा मोजताना तलावच धरावा लागेल. मला तरी तसं वाटते." मग खालच्या आवाजात म्हणाले, "पण पाण्याबाहेर काढला, बादलीत टाकला, की घर बादलीएवढं. आत दोघी आहेत."

"तीन होतील," प्रल्हादराव म्हणाले.

घाटाच्या उतारावर दिघोऱ्यांच्या भावाचा ट्रॅक्टर उभा होता, मागे लोखंडी ट्रॉली. प्रल्हादराव तिच्याकडे पाहत होते.

"ताडपत्री आहे का?"

ताडपत्री होती. ट्रॉलीत ती अंथरली, मागचा फाळका उघडा ठेवला आणि ट्रॅक्टर उलटा पाण्यात घातला. पाणी आपोआप आत भरलं. दिघोरे आणि त्यांची माणसं छातीएवढ्या पाण्यात जाळं घेऊन पसरली. पाणी गढूळ होतं. एकदा ओढलं, रोहू आले, शिंगट्या आल्या. सोडल्या. दुसऱ्यांदा ओढलं, काही नाही. एक बगळा काठावर येऊन उभा राहिला. रोशन त्याच्यामागे दगड घेऊन धावला.

प्रल्हादरावांच्या कानाला फोन होता. "काय ऐकू येते?"

"पोरगी ओरडून राहिली," सुलभाताई म्हणाल्या. "वहिनींचा आवाज मधूनमधून येतो. त्या गाणं म्हणून राहिल्या बहुतेक. तिला ऐकू यावं म्हणून."

तिसऱ्या ओढीला गढूळ पाण्यात काहीतरी नारिंगी चमकलं. "हाये! हाये!" दिघोरे ओरडले. "उचलू नका! पाण्याखालूनच न्या!" जाळं आवळत आवळत, तळाला टेकवत, त्यांनी ते ट्रॉलीच्या तोंडाशी आणलं, आणि दिघोऱ्यांनी पाण्याखालून दोन्ही हातांनी मासा आत ढकलला. मासा ट्रॉलीत गेला. रोशनने फाळका बंद केला.

फोनमधून सुलभाताई किंचाळल्या. "भिंत! भिंत येऊन राहिली, भाऊ! जोरात येऊन राहिली!"

"थांबली का?"

श्वास घेण्याचा आवाज. "थांबली. लांब आहे अजून. मोठ्या मंगल कार्यालयाएवढं आहे. पलंग दिसते मला. मी जाते आत!"

"फोन बंद करू नका!"

ट्रॅक्टर उतारावरून वर चढला. पाणी मागे आलं आणि फाळक्याच्या फटीतून धार लागली. रोशन ट्रॉलीत उडी मारायला निघाला.

"आत नको!" प्रल्हादराव ओरडले. "तू जागा खाशील!"

तेव्हा तो मागे धावला, अंगातला शर्ट काढून फटीत कोंबला आणि उघड्या छातीने फाळक्याला रेटून ट्रॅक्टरमागे चालू लागला. फाळक्याच्या लोखंडी पट्ट्या छातीत रुतत होत्या. प्रल्हादराव ट्रॉलीच्या कडेला धरून चालत होते, एक हात कानाशी, डोळे पाण्याच्या पातळीवर.

रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला पाणी कडेवरून सांडायचं, आणि फोनमधून सुलभाताईंचा आवाज यायचा. "भाऊ, कपाट सरकलं. भाऊ, हळू घ्या. भाऊ, वहिनी पोचल्या! वहिनी आल्या!" मग पुढच्या खड्ड्यानंतर: "आता पलंग हालवायला जागा नाही. मी भिंतीला टेकून आहे. डोकं दिसून राहिलं बाळाचं. भाऊ, आणखी आत येऊ देऊ नका. मला हात फिरवायला जागा पाहिजे."

"थांबवा!" प्रल्हादराव म्हणाले.

हातपंपाजवळ ट्रॅक्टर थांबला. पाणी भरायला आलेल्या बायका कळशा घेऊन उभ्या होत्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही. ट्रॉली, ताडपत्री आणि रोशनची छाती पाहून त्यांना कळलं. एकीने कळशी रिकामी केली, मग दुसरीने, मग सगळ्यांनी. वाडीभस्मे साहेब स्कूटर टाकून पंप मारू लागले.

"किती टाकायचं?" एका बाईने विचारलं.

प्रल्हादरावांनी फोनला विचारलं, "सुलभाताई, किती?"

"थोडं! भिंत मागे जाऊन राहिली. अजून थोडं. अजून. बस! बस, बस! आता पुष्कळ झालं, आता वहिनी लांब चालल्या!"

"बस," प्रल्हादराव म्हणाले. सगळ्या बायकांनी कळशा खाली ठेवल्या. पाणी स्थिर झालं. मासा मध्यभागी थांबून तोंड उघडत-मिटत होता. कोणी हललं नाही. दिघोऱ्यांच्या भावाने ट्रॅक्टर बंद केला, की खडखडाटाने पाणी हिंदकळू नये.

फोनमध्ये खूप वेळ फक्त प्रमिलाबाईंचा आवाज येत होता, "हो गं, हो, हो, झालंच, झालंच." मग तोही थांबला. रोशनने फाळक्यावर कपाळ टेकवलं.

मग रडणं आलं. बारीक, रागावलेलं, अगदी जवळून.

"मुलगी," सुलभाताई म्हणाल्या.

रोशन खाली बसला. त्याच्या छातीवर फाळक्याच्या पट्ट्या लाल उमटल्या होत्या. प्रल्हादरावांनी आपल्या खांद्यावरचा दुपट्टा त्याच्या अंगावर टाकला आणि म्हणाले, "चला, जवाईबापू. सावकाश जाऊ."

ट्रॉली अंगणात आणून उभी केली, वर हिरवी जाळी बांधली. हौद तयार होईपर्यंत ती तिथेच राहिली. दिघोऱ्यांच्या भावाने ती मागितली नाही. घर आता पूर्वीपेक्षा थोडं मोठं होतं. प्रमिलाबाईंच्या टाचा फुटल्या होत्या. आपण किती चाललो ते त्यांना सांगता यायचं नाही. त्या एवढंच म्हणायच्या, की वाटेत एकदा आवाज थांबला होता, आणि तेव्हा कुठल्या दिशेने जायचं ते कळत नव्हतं, म्हणून त्या उभ्या राहून पाळणा म्हणायला लागल्या. मग पलीकडून हर्षदा म्हणायला लागली.

वाडीभस्मे साहेबांनी येऊन हौदाचं पाणी चाखलं, आणि मासा हौदात गेला. ट्रॉली हौदाच्या काठाशी लावून तो पाण्यातून पाण्यात नेला. घरातलं एक भांडंही हललं नाही.

बारशाला गाव लोटला. हातपंपावरच्या बायका आल्या, ढिवरांच्या घरच्या आल्या, नागपूरहून रोशनची आई आणि आत्या आल्या. बैठकीत पाय ठेवायला जागा उरली नाही. बायका एकमेकींच्या मांडीवर मांडी ठेवून बसल्या होत्या आणि मागच्यांना पाळणा दिसत नव्हता.

"भाऊ, जरा टाका ना," आतून कोणीतरी म्हणालं.

प्रल्हादराव अंगणात गेले आणि हौदात एक बादली ओतली. भिंती थोड्या मागे सरल्या. बायकांनी मांड्या मोकळ्या केल्या, पदर सावरले.

"आणखी एक टाका, मागं दिसत नाही."

त्यांनी आणखी एक ओतली. रोशन तिसरी भरून उभा होता.

प्रमिलाबाई नातीला घेऊन दारात आल्या. त्यांनी वळून बैठकीच्या त्या टोकाला भिंतीला टेकून बसलेल्या हर्षदाकडे पाहिलं, मग हौदाकडे.

"पुरे," त्या म्हणाल्या. "मला इथून लेकीपर्यंत चटकन पोचता आलं पाहिजे."

रोशनने ती बादली झाडाला घातली, आणि पाळणा सुरू झाला.